कीपरचं पोर

कोल्हापूर
११ फेब्रुवारी १९९७

शिवा,

तुझ्या पोराचं बारसं झालं. तू नव्हतास म्हणून हे पत्र. फोनवर तू नुसता 'व्हय व्हय' करतोस आणि तुझ्या मागं बूथबाहेर कोण तरी काचेवर नाणं वाजवत असतो.

मी आणि रूपाली सकाळच्या एस.टी.नं निपाणीला गेलो. सुष्मितावहिनींच्या माहेरचा मांडव लहान, माणसं फार. तुझ्या बाजूनं फक्त तुझी आई आणि एक चुलत बहीण. नाव आईनंच सांगितलं. चन्नाप्पा. तुझ्या वारलेल्या थोरल्या भावाचं. गेलेल्या माणसाचं नाव तुमच्यात घरात परत आणतात हे मला ठाऊक होतं. तरी तुझी आई, बसम्माकाकू, म्हणाल्या, 'माझा चन्ना परत आला,' तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. या भावाबद्दल तू मला एकच वाक्य सांगितलंयस, की तो ट्रॅक्टरखाली गेला.

बहिणीनं कानात नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. दारात हलगीवाला असा वाजवत होता की माझ्या दाढा हलल्या. पोरगं जागं होतं. डोळे उघडे, पाळण्यावरच्या चिमण्यांकडं. हललं नाही. मी म्हणालो, 'कीपरचं पोर हाय. स्टेडियम बोंबललं तरी नजर बॉलवर.' सगळे हसले. काकू म्हणाल्या, 'शहाणं पोर. चन्ना पण असाच व्हता.'

जन्माच्या वेळी तू एका रात्रीसाठी येऊन पहाटे निघून गेलास.  तुझं शूटिंग मोठं आहे असं वहिनींच्या वडिलांनी तीनदा सांगितलं.

आपल्या तालमीची फुटबॉल टीम उपांत्य सामन्यात हरली. तुझ्या जागी नवा कीपर होता. तुझ्यापेक्षा बरा, कारण लाइन सोडून पुढं येतो. तू नुसता उभा राहून ओरडायचास. गेल्या वर्षी फायनलला त्यांचा फॉरवर्ड एकटा चालत आला आणि तू लाइनवरून बॅकच्या नावानं बोंबलत होतास. बॅक तेव्हा ग्राउंडच्या पलीकडं बूट बांधत होता.

मला पन्हाळ्याच्या पायथ्याला एका शाळेत कोचची नोकरी लागली आहे. कायम नाही. पोरं चांगली आहेत. चेअरमन पहिल्याच दिवशी म्हणाले, 'मास्तर, आधी गोल खायचा न्हाय एवढं शिकवा. मारायचं पुढच्या वर्षी बघू.' कीपरसाठी वेगळा कोच हवा असं मी त्यांच्या डोक्यात घालतो आहे. म्हणजे तू.

जित्या

*

गोरेगाव
२० मार्च १९९७

जित्या,

पत्र पोचलं. लाइन सोडायची अक्कल मला नको शिकवू. तू लेफ्ट विंगला उभा राहून लाडू खायचास.

इथलं सांगतो. पिक्चर गोलकीपरचं आहे. हिरो कीपर. त्याला बॉलची भीती वाटते. बॉल आला की तो डोळे मिटतो आणि केसांवर हात धरतो. मी त्याचा कोच, आणि लांबून त्याचा डुप्लिकेट. जवळून तो, लांबून मी. पन्हाळ्यावर मावळा होऊन दिवसभर मरून पडायचो, त्यापेक्षा ही बढती आहे.

गोलपोस्ट प्लायवुडचे. काल मी खांबाला धडकलो तर खांबच वाकला. डायरेक्टर म्हणाला, वा, पुन्हा कर. पेनल्टीच्या शॉटला बॉल तारेला टांगला होता. हिरोनं उडी मारली, बॉल जागेवरच. मग त्यांनी बॉल हिरोकडं आणला. जगात पहिल्यांदा असं घडलं असेल.

फायटमास्तर मला 'ए फुटबॉल' म्हणतात. नाव विचारलं नाही.

कोचची नोकरी तूच कर. एकदा लांबचे शॉट संपले की हे लोक पुढच्या पिक्चरला घेतील.

बारशाचं वाचलं. नाव आईनं मला विचारून ठेवलं नाही. पोरगं झोपत असेल तर झोपू दे. ते माणसाच्या तोंडाकडं बघतं का, कळव.

शिवा

*

कोल्हापूर
१७ जून १९९७

शिवा,

मुलगी झाली. तेरा दिवसांची आहे. नाव उत्पला. माझ्या वडिलांनी सुचवलं. दादासो कधी नातवंडाला हातात घेतील असं मला वाटलं नव्हतं. आता सोडत नाहीत. बाप झाल्यावर माणसाला काय होतं ते तुला विचारायचं होतं. मला फक्त भीती वाटते. कीपर असतो तर लाइन सोडली नसती, तेवढं तुझं समजलं.

वहिनी पोराला घेऊन तुमच्या घरी आल्या आहेत. काल संध्याकाळी गेलो होतो. चन्ना आता पालथा पडतो, छाती उचलतो. मी नोकरीवरून तसाच गेलो होतो, गळ्यात शिट्टी. त्याच्या मागं उभा राहून जोरात वाजवली, गंमत म्हणून. तुझ्या आईच्या हातातलं भांडं पडलं. शेजारचा पिराजी बाहेर आला, 'काय चोर घुसला काय पावणं?' म्हणून. चन्नानं मान वळवली नाही.

मग मी समोर बसून वाजवली. त्यानं माझ्या फुगलेल्या गालांकडं पाहिलं आणि खदखदून हसला. तोंडाकडं बघतं का, असं तू विचारलं होतंस. बघतं. फार बघतं.

तू एकदा ये, शिवा. दोन दिवस तरी.

शाळेत चेअरमनांचा पुतण्या हंबीरराव कीपर व्हायचं म्हणतो. त्याचं पोट त्याच्या आधी बॉलला पोचतं. पण गोल वाचतो, म्हणून मी गप्प आहे. तुझी जागा त्याच्यामुळं अडणार नाही.

जित्या

*

गोरेगाव
२ सप्टेंबर १९९७

जित्या,

उत्पला छान नाव आहे. वहिनींना आणि दादासोंना माझा नमस्कार. पोरगी लेफ्ट विंगला नको घालू. घरात एक आळशी पुरे.

उशीर झाला. पावसानं शूटिंग बंद होतं. ग्राउंडवरचा हिरवा रंग धुऊन गेला आणि खालून खडी निघाली. त्यावर मी पंधरा दिवस उड्या मारतो आहे. डाव्या कोपराचं कातडं गेलं. हिरोला सर्दी झाली म्हणून दोन डॉक्टर आले होते.

इथं एक बघितलं. शूटिंगला कुणी काही बोललं तरी त्याला किंमत नाही. मी सवयीनं ओरडलो, 'मागं माणूस हाय!' तर साउंडवाला हसला. म्हणाला, ओरडू नको फुटबॉल, आवाज सगळा नंतर भरतात. लोकांचा, शिट्टीचा, बॉलचा. शूटिंग होतं तेव्हा सगळं मुकंच असतं म्हण. नंतर एका खोलीत बसून एकेक आवाज लावतात. मी त्या खोलीत जाऊन बसलो. माझ्याच उडीला कुणी तरी गादी आपटून आवाज दिला.

शिट्टी वाजवून लहान पोरांना त्रास देऊ नको. कोच झालास म्हणून घरात वाजवायची काय?

दिवाळीला येतो. सुष्मिताला सांग.

शिवा

*

कोल्हापूर
५ नोव्हेंबर १९९७

शिवा,

तू आला नाहीस. वहिनींनी लक्ष्मीपूजनाला दारात दोन पणत्या जास्त लावल्या होत्या. कुणासाठी ते कुणी विचारलं नाही.

आम्ही तिघं तुमच्याकडं गेलो होतो. गल्लीत पोरांनी माळा लावल्या. चन्ना उजेड बघून टाळ्या पिटत होता. बॉम्ब पायाशी फुटला तरी हसत होता. पिराजी म्हणाला, 'ह्यो मोठेपणी मिल्ट्रीत जाणार.' तुझी आई म्हणाली, 'आमचं पोर भ्यायचं न्हाय. शहाणं हाय.' वहिनी आत निघून गेल्या.

उत्पलाला आम्हाला घरी न्यावं लागलं. ती चमचा पडला तरी दचकते. रूपाली भांडी घासत नाही, तिला झोपवल्यावर.

प्रत्येक पोर वेगळं असतं, हे मला कळतं. तरी चन्नाला एकदा डॉक्टरांना दाखवायला हवं. सर्दी असते त्याला. वहिनी तुझी वाट बघतायत. तू असलास की नेऊ म्हणतात.

जित्या

*

कोल्हापूर
२३ फेब्रुवारी १९९८

शिवा,

साडेतीन महिने तुझा कागद नाही. मागच्या पत्रात मी चमच्याचं लिहायला नको होतं का, याचा विचार करतो आहे. आता विचार करून उपयोग नाही. सरळ लिहितो.

चन्नाला ऐकू येत नाही.

मला हे जूनमध्ये कळलं होतं. वहिनींनाही बहुतेक तेव्हाच. तू शूटिंगला आहेस, उंचावरून उड्या मारतोस, म्हणून सांगायचं नाही असं आम्ही न बोलताच ठरवलं. चूक झाली. गेल्या आठवड्यात मी आणि वहिनी त्याला घेऊन मिरजेला गेलो. डॉक्टर मला बाप समजले. मी नाही म्हणालो नाही, कारण मग बाप कुठं आहे हे सांगावं लागलं असतं.

दोन्ही कान गेलेले आहेत. थोडं काही शिल्लक असेल तर यंत्र लावून बघायचं. पण यंत्रानं बोलणं येत नाही. रोज त्याच्यासमोर बसायचं, तोंडासमोर तोंड धरून बोलायचं. मागून हाक मारायची नाही. त्याच्या पुढं जायचं, मगच बोलायचं. वर्षं न् वर्षं. आता सुरू केलं तर काही तरी होईल, उशीर केला तर काही होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आईला एकटीला झेपणार नाही, असंही म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलं.

घरात आधी कुणाला असं होतं का, विचारलं. बसम्माकाकूंनी निघताना सांगून ठेवलं होतं, कुणाला न्हाय. वहिनींनी तेच सांगितलं.

चेअरमन कीपर-कोच घ्यायला तयार झाले आहेत. जूनपासून. मी तुझं नाव दिलं आहे. निम्मा दिवस शाळा, निम्मा दिवस पोरगं. याहून चांगलं जमणार नाही. ये.

जित्या

*

गोरेगाव
१५ मार्च १९९८

जित्या,

मला माहीत होतं.

तुमच्या आधी माहीत होतं. जन्मल्यावर मी निपाणीला आलो त्या रात्री. खोलीत शेजारच्या खाटेवर दुसऱ्या एका बाईचं पोर होतं. कॉरिडॉरमध्ये कुणाच्या हातून घमेलं पडलं. ते पोर दोन्ही हात झटकून रडायला लागलं. माझं दिव्याकडं बघत राहिलं. मी त्याच्या डोक्यामागं उभा राहून टाळी वाजवली. मग तांब्यावर चमचा वाजवला. सुष्मिताला झोप लागली होती. आई जागी होती. ती माझ्याकडं बघत होती.  मी पहाटेची गाडी धरली.

अण्णा मुका होता. चन्नाण्णा. हे मी तुला सांगितलं नाही, सुष्मितालाही नाही. लग्न ठरताना आई म्हणाली, मेलेल्या माणसाचं कशाला काढायचं. लहानपणी तोही शहाणा होता. रडायचा नाही, दचकायचा नाही. गावात सगळ्या बाया आईचं कौतुक करायच्या. तीन वर्षांचा झाला तेव्हा त्यांना कळलं की पोर शहाणं नाही, बहिरं आहे.

मी बारा वर्षांचा होतो, तो पंधरा. उसाचा सीझन. आम्ही शेतातून येत होतो. तो पुढं, मी मागं. त्याच्या डोक्यावर वैरणीचा भारा. मागून ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या भरलेल्या, टेप मोठ्यानं लावलेला. मी बांधावर झालो. अण्णा रस्त्याच्या मधोमध चालत राहिला. ड्रायव्हरला वाटलं, होईल बाजूला. मी ओरडलो. अण्णा, अण्णा करून ओरडलो. त्याला ऐकू येत नाही हे मला जन्मापासून माहीत होतं. तरी ओरडलो. अंतर फार नव्हतं. पळालो असतो तर पोचलो असतो. मी उभा राहून ओरडत राहिलो.

फायनलला मी लाइन सोडली नाही असं तू लिहिलं होतंस म्हणून सांगितलं.

आईनं त्याचं नाव ठेवलं तेव्हा तिला माहीत होतं. म्हणूनच ठेवलं. तिला तो परत हवा होता, होता तसा. मला नको होता.

मी येणार नाही. मला बघवणार नाही. चेअरमनांना सांग, दुसरा माणूस बघा.

शिवा

*

निपाणी
९ एप्रिल १९९८

चन्नाप्पाच्या वडिलांस,

तुमचं पत्र तुमच्या जित्यानं, प्रसेनजीतभाऊजींनी, मला वाचायला दिलं. त्यांना रागावू नका. मीच मागून घेतलं. ते दारात उभे राहिले होते आणि काय झालं ते त्यांना सांगता येत नव्हतं.

तुमच्या आईंना, अत्तींना, मी विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. नंतर दोन दिवस जेवल्या नाहीत. मी त्यांना जेवायला घातलं आणि मग माहेरी आले. भांडून आलेली नाही. इथं माझा भाऊ आणि माझी आई, अव्वा, दोघं आहेत, चन्नासमोर बसायला माणसं लागतात म्हणून आले.

लग्नाआधी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही. तो हक्क तुम्ही दोघांनी घेतलात. त्यावर आता लिहीत नाही.

यंत्र लावलं. त्याला त्यातून फार काही मिळत नाही. पण तो शिकतो. लाकडी माळ्यावर पाय आपटला की वळतो. पाणी, भात, दिवा, मांजर, या चारांच्या खुणा येतात. बाबा ही खूण मी मिशीवर बोट फिरवून दाखवते. लग्नातल्या तुमच्या फोटोवर तो तीच खूण करतो आणि मग दाराकडं बघतो. मी हात हलवून नाही म्हणते. 'नंतर' कसं दाखवायचं ते मला सापडलेलं नाही. आहे आणि नाही, एवढंच दाखवता येतं.

तुम्हाला बघवत नाही असं तुम्ही लिहिलंत. त्याला बघण्याशिवाय दुसरं काही नाही.

येणार असाल तर या. येणार नसाल तर तसं स्पष्ट कळवा. म्हणजे मी फोटो आत ठेवीन.

सुष्मिता

*

कोल्हापूर
८ जून १९९८

शिवा,

शाळा उघडली. कीपर-कोचच्या जागेवर चेअरमनांनी हंबीररावालाच घेतलं. बारावी नापास झाला म्हणून मोकळा होता. पहिल्या दिवशी त्यानं पोरांना सांगितलं, 'बॉल आला की आडवं व्हायचं, बाकी देवाची मर्जी.' मी चेअरमनांशी बोललो. ते म्हणाले, 'मास्तर, तुमचा माणूस हाय कुठं? दिसला तर घेऊ की.' 

माझंही पुढच्या वर्षीचं नक्की नाही.

तुझं पिक्चर डब्यात गेलं, असं इथं सिनेमावाल्यांत कळलं. हिरोनं पैसे वाढवून मागितले म्हणे. खरं असेल तर तुझ्या उड्या कुणालाच दिसणार नाहीत. मला वाईट वाटलं. खोटं लिहीत नाही.

वहिनींना तू अजून काहीच कळवलेलं नाहीस. हो नाही, की नाही नाही. फोटो अजून बाहेर आहे. मी गेल्या रविवारी पाहिला.

यापुढं मी लिहिणार नाही. मला जे सांगायचं ते लाइनवरून ओरडण्यासारखं झालं आहे.

जित्या

*

निपाणी
२८ जून १९९८

जित्या,

पिक्चर बंद पडलं हे खरं. तारेवरचा बॉल मी घेऊन आलो आहे. कुणी विचारलं नाही. भोकं बुजवली की चालेल.

पिक्चर बंद पडलं म्हणून आलो, असं सुष्मिताला वाटलं. तसं नाही असं मी म्हणालो नाही. मलाही नक्की सांगता येत नाही. तिनं पाणी दिलं. बॅग कुठं ठेवायची ते दाखवलं. तिचे वडील पेपर घेऊन बाहेर जाऊन बसले. जेवताना तिचा भाऊ म्हणाला, 'भाऊजी, मुंबैत काय मिळालं?' मी कोपर दाखवलं. तो हसला नाही.

चन्ना मागच्या पडवीत होता. पाठ माझ्याकडं. डब्याची झाकणं एकात एक घालत होता. मान अण्णासारखी, जरा डावीकडं कललेली. मी दारात उभा राहिलो. तोंड उघडलं होतं, नाव ओठावर आलं होतं. इतकी वर्षं दुसरं काही केलेलंच नाही.

मग तोंड मिटलं. भिंतीकडनं वळसा घातला, त्याच्या पुढं गेलो आणि खाली बसलो.

त्यानं वर पाहिलं. आधी माझ्या तोंडाकडं, मग मिशीकडं. मी मिशीवर बोट फिरवलं, सुष्मितानं लिहिलं होतं तसं. त्यानं ते बोट नीट पाहिलं. मग स्वतःच्या ओठावर तसंच बोट फिरवलं, आणि मान वळवून मागं दाराकडं बघायला लागला. कोण येतंय ते बघत होता.

दारात कुणी नव्हतं. तो बराच वेळ बघत राहिला. मी उठलो नाही.

शिवा